मधला तुकडा

"मग मधे काय असतं, म्हणालास?"

सोमगीर बाबांनी हे कालही विचारलं होतं. श्रीरंगच्या एका हातात तापलेली सोल्डर गन होती, दुसऱ्या हातात चिमटा, आणि चिमट्यात केसाएवढी तार. अशा वेळी माणसाशी बोलू नये. पण बाबांना दिसत नव्हतं, आणि दिसत असतं तरी त्यांनी विचारलंच असतं.

"तुकडा," श्रीरंग म्हणाला. "यंत्र जुनं, त्याचं तोंड रुंद. कार्ड नवं, ते नखाएवढं. दोघांचं जुळत नाही. म्हणून मधे हा तुकडा."

"आणि तो काय करतो?"

"इकडचं तिकडं देतो. तिकडचं इकडं."

"स्वतःचं काय घालतो त्यात?"

श्रीरंगला हसू आलं. "काहीच नाही, बाबा. स्वतःचं घातलं की बिघडलं."

"अस्सं..."

बाबांनी भिंतीला पाठ टेकली. मठीत राळेचा वास भरला होता. बाबा रोज सकाळी धुनीवर राळ टाकत आणि श्रीरंगची तार चिकटताना जळायची तीही राळच, त्यामुळे कुठला वास कुणाचा हे आता सांगता येत नव्हतं.

ही मठी धरणाच्या पाण्यात आहे. म्हणजे आधी टेकडीवर होती. धरण भरलं, टेकडी बुडाली, माथा तेवढा वर राहिला आणि माथ्यावर मठी राहिली. खालचं गाव काठावर सरकलं. हिवाळ्यात सकाळी इथं असं धुकं बसतं की पाणी कुठं संपलं आणि आभाळ कुठं लागलं याचा पत्ता लागत नाही. होडी येते ती आधी ऐकू येते, मग बऱ्याच वेळानं दिसते. काही वेळा दिसतच नाही, नुसती वल्ह्याची चाहूल लागते आणि निघून जाते.

श्रीरंग लोहोकरे पुण्याला एका कंपनीत यंत्रांच्या पोटातल्या सर्किटच्या पट्ट्या आखायचा. पस्तिशीचा होता. आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. सुट्टी मिळाली की गाडी काठावर लावायची, होडीत बसायचं आणि मठीत यायचं, हा त्याचा गेल्या काही वर्षांचा शिरस्ता. त्याला एकच गोष्ट हवी होती. बाबांनी आपल्याला ठेवून घ्यावं, शिष्य म्हणावं. तोवर तो पाहुणाच. पाहुण्यानं मठीत झाडावं, पाणी भरावं, जेवावं, झोपावं. धुनीला मात्र हात लावू नये. धुनीत लाकूड टाकायचं ते गुरूनं नाहीतर शिष्यानं. इथला तसा नेमच आहे.

दर खेपेला तो विचारायचा. दर खेपेला बाबांचं उत्तर ठरलेलं.

"मोठ्या बाबांना विचारतो."

मोठे बाबा म्हणजे चेतनगीर, बाबांचे गुरू. त्यांना समाधी घेऊन किती वर्षं झाली. पण काठावरच्या गावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं की मोठे बाबा त्या यंत्रात आहेत. तळहातात मावेल एवढं, आवाज धरून ठेवायचं यंत्र. सोमगीर बाबांचे डोळे शाबूत होते तेव्हा त्यांनी ते कुठून तरी मिळवलं होतं. पुढं डोळे गेले, यंत्र राहिलं. त्याचा कर्णा केव्हाच फुटला होता, त्यामुळे जे काय वाजायचं ते कानातल्या बोंडातून, एकट्या बाबांना.

उजाडताना बाबा धुनीपाशी बसत. बोंड कानात घालत. मग त्यांचा चेहरा असा काही होई की श्रीरंग बघत राही, आणि आपण कुणाच्या घरात डोकावतोय असं वाटून मान खाली घाली.

"मोठे बाबा काय म्हणाले?" तो नंतर हळूच विचारायचा.

"आज काही म्हणाले नाहीत," बाबा म्हणायचे.

दिवाळी झाली आणि यंत्र मुकं झालं. यंत्र ठणठणीत होतं, त्यातलं कार्ड म्हातारं झालं होतं. कळ दाबली की एक लांबलचक शिटी वाजायची आणि पुढं काही नाही. तसलं रुंद कार्ड आता बाजारात औषधालाही मिळत नाही.

त्या खेपेला श्रीरंगनं विचारलं तेव्हा बाबांनी दोन्ही हात उघडे करून दाखवले.

"आता कुणाला विचारू?"

झालं. श्रीरंगनं रजा टाकली, अवजारांची पेटी होडीत घातली आणि मठीच्या पडवीत ठाण मांडलं.

तांब्याच्या पत्र्याची पट्टी घ्यायची. तिच्यावर बारीक कुंचल्यानं रेघा ओढायच्या. मग ती पिवळ्या औषधात बुडवून ताटली हलवत बसायचं, बाळाला हलवतात तसं. बाबा शेजारी बसून ते डुचमळणं ऐकत राहायचे.

"आत काय चाललंय?"

"नको ते तांबं विरघळतंय, बाबा. हवं ते राहतंय."

"नको ते कुठलं, हे त्याला कसं कळतं?"

"त्याला कशाला कळायला पाहिजे? मी रेघ ओढून झाकलं ते राहतं. बाकीचं जातं."

"तू झाकशील ते राहतं..." बाबा पुटपुटले. "बरं आहे."

बाहेर एक पाणकोंबडी ओरडली आणि धुक्यानं तिचा आवाज गिळून टाकला. ताटलीतलं पाणी हलत होतं, धरणातलं पाणी हलत होतं, आणि मधे बसलेल्या श्रीरंगला काही वेळ असं वाटलं की मठीच ताटलीत आहे आणि तिला कुणीतरी हलवतंय.

तुकडा तयार झाला. यंत्राच्या तोंडात बसलाही, जरा कडेला कानस मारावी लागली एवढंच. नवं कार्ड तुकड्यात, तुकडा यंत्रात. श्रीरंगनं कळ दाबली.

लांब शिटी.

त्यानं तारा उकलल्या, पुन्हा जोडल्या. लांब शिटी. नवी पट्टी केली, लांब शिटी. दिवसच्या दिवस हेच. दूधवाली होडी यायची, जायची. बाबा शिटी ऐकायचे आणि मान डोलवायचे, जसं काही यंत्र चांगलंच बोलत होतं.

मग एका दुपारी श्रीरंग मांडीवर थाप मारून म्हणाला, "सापडलं."

"काय सापडलं?"

"यंत्र जुनं आहे ना, ते सावकाश विचारतं. त्याचं विचारून व्हायच्या आत हे नवं कार्ड उत्तर देऊन मोकळं होतं. मग यंत्राला वाटतं, समोर कुणीच नाही."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. श्रीरंगनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. त्याला थांबायला शिकव."

यात हसण्यासारखं काय होतं ते श्रीरंगला कळलं नाही. त्यानं तुकड्यावर एक बारीक चिप बसवली आणि तिला थांबायला शिकवलं. यंत्राचं विचारून होऊ दे, मग श्वासभर थांब, मग उत्तर दे. हे जमायला आणखी एक रजा गेली. आणि मग कळ दाबल्यावर शिटी वाजली ती आखूड, चिमणीच्या आवाजाएवढी. यंत्रानं कार्ड ओळखलं होतं.

श्रीरंगचा ऊर भरून आला. हे खोटं कशाला सांगा, त्याला त्या क्षणी स्वतःचा फार अभिमान वाटला.

"जागा किती आहे यात?" बाबांनी विचारलं.

"भरपूर. तुम्ही जन्मभर बोललात तरी भरायचं नाही."

"एवढ्या जागेत ठेवायचं काय?"

"मोठे बाबा. आणखी काय? जुनं कार्ड द्या माझ्याकडे. पुण्याला नेतो, त्यातलं काढतो आणि ह्यात घालून आणतो."

बाबांनी जुनं कार्ड फडक्यात गुंडाळून दोन्ही हातांनी दिलं. हात लगेच सोडला नाही.

"जपून रे. मोठे बाबा त्यात एकदा खोकतात. तो खोकला आला की मला उजाडतं."

श्रीरंगनं हे ऐकलं आणि त्याच्या डोक्यात भलतंच शिरलं. बिचारे बाबा, तो मनाशी म्हणाला. इतकी वर्षं खरखर आणि खोकला सोसत गुरूचं बोलणं ऐकतायत. आपण ते स्वच्छ करून देऊ. लखलखीत.

पुण्याला त्यानं ते कार्ड परोपरीनं आळवलं. कधी गार केलं, कधी ऊब दिली. एका रविवारी ते एकदाच जागं झालं, त्यानं आपल्या पोटातलं सगळं लॅपटॉपला देऊन टाकलं, आणि मेलं ते मेलंच.

आता इथं श्रीरंगचा भाविकपणा आडवा आला. ज्याला गुरूनं अजून आपलं म्हटलं नाही, त्यानं गुरूच्या गुरूचा उपदेश कानावर घेऊ नये, हे त्यानं मठीतच ऐकलं होतं. म्हणून त्यानं लॅपटॉपचा आवाज बंद केला. जे केलं ते डोळ्यांनी केलं. पडद्यावर आवाजाचा आलेख होता. सबंध लांबीभर गवत वाढावं तशी बारीक खरखर, आणि मधेच एक टेंगूळ. खरखर श्रीरंगला झोपेतही ओळखता आली असती. पट्ट्यांमधली खरखर काढणं हे तर त्याचं रोजचं कामच होतं.

त्यानं गवत कापलं. टेंगूळ हातानं उचलून काढलं. खाली एक सुरेख सरळ रेघ राहिली. बोलणं दिसत नव्हतं, पण साधूंचं बोलणं हळूच असतं, रेघेतच असणार कुठंतरी, असं त्यानं स्वतःला समजावलं. ते नव्या कार्डावर घातलं. मग परक्याच्या गुरूची वाणी कंपनीच्या लॅपटॉपवर राहणं बरं नव्हे म्हणून लॅपटॉपवरचं सगळं मुळापासून पुसलं. जुनं मेलेलं कार्ड राहिलं. ते कचऱ्यात टाकायला त्याचा हात होईना. देवाची मूर्ती झिजली की आपण काय करतो? तेच त्यानं केलं. मठीकडे येताना होडी मधे थांबवायला सांगितली, कार्डाला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडून धरणात सोडलं.

फूल तरंगत राहिलं. कार्ड खाली बुडालेल्या गावात गेलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना धुकं दारात येऊन उभं होतं. बाबा धुनीपाशी बसले. श्रीरंगनं तुकडा यंत्रात सरकवला, यंत्र बाबांच्या हातात दिलं आणि समोर मांडी घातली. आज उत्तर मिळणार होतं.

आखूड शिटी वाजली. बाबांनी बोंड कानात घातलं.

बाबा ऐकत होते... श्रीरंग बघत होता.

नेहमीचा तो चेहरा येईना. बाबांनी बोंड काढलं, अंगावरच्या छाटीला पुसलं, दुसऱ्या कानात घातलं. परत थांबले. धुनीतलं एक लाकूड खचलं आणि राख उडाली.

"रंगा," बाबा म्हणाले, "मोठे बाबा कुठं गेले?"

श्रीरंगनं बोंड जवळजवळ ओढूनच घेतलं. कानात घातलं. आत काही नव्हतं. कुठंच काही नसलं तरी खोलीचा म्हणून एक आवाज असतो, तोही नव्हता.

"बोलणं कुठं आहे?" त्याला आपला आवाज ओळखू आला नाही.

"कसलं बोलणं?"

"मोठ्या बाबांचं."

"ते कुठं बोलले?"

श्रीरंगनं बोंड कानातून काढलं.

बाबा सावकाश सांगू लागले. "धरण पहिल्यांदा भरत होतं ते साल. पाणी चढत होतं. खाली लोक दारं-खिडक्या काढून नेत होते, त्यांची ठोकाठोक वर ऐकू यायची. माझंही घर होतं त्यात. मी हे यंत्र घेऊन मोठ्या बाबांपुढं बसलो. म्हटलं, बोला काहीतरी, मी ठेवून घेतो. ते हो म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. बसले. मी पण बसलो. मला रडू येत होतं, माझं नाक ओढणं आहे त्यात. वारा आहे, पाणी आहे, ती ठोकाठोक आहे. मधे ते एकदा खोकले. पुष्कळ वेळानं म्हणाले, धुनीत लाकूड टाक."

"आणि?"

"आणि काय... टाकलं. तेव्हापासून मी इथं आहे."

धुक्यात कुठंतरी वल्हं पाण्यात पडलं.

"मी साफ केलं, बाबा."

"काय साफ केलंस?"

"खरखर. म्हणजे... वारा. पाणी."

"आणि?"

"खोकला."

बाबांनी यंत्र खाली ठेवलं.

"मी ऐकलंच नाही," श्रीरंग म्हणाला. "मला वाटलं, मला अजून अधिकार नाही. नुसतं बघून काढलं."

"जुनं कार्ड?"

"ते मेलं होतं. मी त्याचं... विसर्जन केलं. हळदकुंकू वाहून."

बाबांना दुःख झालं. साधू असले तरी झालं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. त्यांचा हात मांडीवर उघडा पडला होता, तो मिटला, पुन्हा उघडला. डोळ्यांना दिसत नसलं तरी पाणी यायचं काही थांबत नाही.

मग बाबांच्या ओठांच्या कडा हलल्या.

"हळदकुंकू वाहून?"

"हो."

"फूल?"

"झेंडूचं."

"बरं केलंस," बाबा म्हणाले. यात थट्टा किती आणि खरं किती, हे श्रीरंगला कळेना. त्याला आता फक्त इथून उठून जावंसं वाटत होतं. उत्तर तर मिळालंच होतं. ज्यानं गुरूच्या गुरूला पुसून टाकलं त्याला कोण ठेवून घेणार? त्यानं यंत्र उचललं आणि तुकडा उपसायला बोट घातलं. तो आधी पाण्यात फेकायचा, मग होडी बोलवायची.

बाबांनी त्याचं मनगट बरोबर धरलं.

"तो राहू दे. त्याचं काही चुकलेलं नाही."

"बाबा..."

"बस."

श्रीरंग बसला. बाबांनी यंत्र हातात घेऊन त्याच्यावरून अंगठा फिरवला. एका कळेवर बारीक उंचवटा होता, तिथं अंगठा थांबला. त्यांनी ती दाबली. यंत्राच्या डोक्यावर लाल ठिपका पेटला, यंत्र आवाज धरू लागलं. त्यांनी ते यंत्र जमिनीवर ठेवलं, आपल्या आणि श्रीरंगच्या मधे.

बाबा गप्प. श्रीरंग गप्प.

पाणी टेकडीला लागून मागं जात होतं, परत येत होतं. पाणकोंबडी आज जवळ ओरडली. दूधवाल्याच्या होडीचं नाक खालच्या दगडावर आदळलं, कुणी कुणाला हाक मारली, आणि ती हाक धुक्यातून वर येईतो पातळ झाली. श्रीरंग ऐकत होता. तो इथं इतकी वर्षं येत होता, पण हे सगळं सलग असं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. बाबांचा श्वास जरा घरघरतो, हे त्याला आज कळलं. ती घरघरही ठिपक्याच्या आत चालली होती.

बाबा एकदा खोकले.

मग आणखी पुष्कळ वेळानं, यंत्राकडे नाही आणि श्रीरंगकडेही नाही अशा कुठल्या तरी बाजूला तोंड करून ते म्हणाले, "धुनीत लाकूड टाक."

श्रीरंग हललाच नाही. आपण बरोबर ऐकलं का, याचीच त्याला खात्री वाटेना. बाबा परत सांगतील म्हणून तो थांबला. त्यांनी परत सांगितलं नाही.

तो गुडघ्यांवर पुढं सरकला. कडेच्या ढिगातून एक लाकूड घेतलं. धुनीत ठेवलं तसा धूर झाला, चटचट झाली आणि जाळ लागला.

आणि मग त्याला हुंदका आला. त्यानं तो दाबला. हे सगळं धरून ठेवलं जातंय, त्यात आपला घाण आवाज नको, म्हणून त्यानं खांद्यावरच्या पंच्याचा बोळा तोंडात कोंबला आणि मान गुडघ्यांत घातली. खांदे तेवढे हलत राहिले. नाक मात्र ऐकेना.

बाबांनी हात पुढं केला, चाचपत त्याचं डोकं शोधलं, आणि तोंडातला बोळा काढून बाजूला ठेवला.

"रड, रंगा. जागा भरपूर आहे म्हणालास ना..."